कॅरल घराण्याचा कर्ता पुरुष

१७३७ सालच्या मार्चमध्ये थोरला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मेरीलँड या इंग्रज वसाहतीत, ॲनापोलिस गावी एक मुलगा जन्मला. तो ९५ वर्षं जगला. १४ नोव्हेंबर १८३२ रोजी त्याने डोळे मिटले तेव्हा पेशवाई बुडून चौदा वर्षं लोटली होती आणि दुसरा बाजीराव बिठूरला इंग्रजांच्या पेन्शनवर दिवस काढत होता. एवढ्या काळात इकडे एक राज्य शिखराला पोचून संपलं आणि तिकडे एक नवा देश उभा राहिला.

चार्ल्स कॅरल हे त्या मुलाचं नाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांत तो एकटा कॅथलिक, आणि त्या सर्वांमध्ये शेवटी गेलेला. त्याची आठवण काढली जाते ती बहुधा या दोन गोष्टींसाठी. मला मात्र त्याच्याकडे एका घराचा कर्ता पुरुष म्हणून पाहावंसं वाटतं. धर्माला जेव्हा रस्त्यावर यायची बंदी असते तेव्हा तो घरात राहतो, आणि मग त्या घराच्या कर्त्याच्या खांद्यावर संसार, मिळकत आणि श्रद्धा असा तिहेरी भार पडतो. कॅरलने तो भार साठ-सत्तर वर्षं वाहिला. त्यात त्याचं मोठेपण दिसतं आणि त्याचं अपयशही तिथेच दिसतं.

या घरात चार्ल्स हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं. आजोबा चार्ल्स कॅरल १६८८ मध्ये आयर्लंडहून मेरीलँडला आले. इंग्रजांच्या राजवटीत आयर्लंडमधल्या जुन्या कॅथलिक घराण्यांच्या जमिनी गेल्या होत्या. कॅरल त्यांपैकीच एक. मेरीलँडची गोष्ट वेगळी होती. ही वसाहत काल्व्हर्ट या कॅथलिक उमराव घराण्याने वसवलेली. १६३४ च्या मार्चमध्ये पहिले वसाहतकरी उतरले तेव्हा फादर अँड्र्यू व्हाइट या जेझुइट धर्मगुरूने तिथे मिस्सा अर्पण केला होता, आणि १६४९ मध्ये ख्रिस्ती पंथांनी एकमेकांना छळू नये असा कायदाही तिथल्या सभेने केला होता. काल्व्हर्टांनी आजोबांना वसाहतीचा सरकारी वकील नेमलं. ते खुशीत आले असतील. पण पुढच्याच वर्षी, १६८९ मध्ये, इंग्लंडातल्या राज्यक्रांतीचा लोंढा मेरीलँडला पोचला, प्रोटेस्टंटांनी काल्व्हर्टांची सत्ता उलथवली आणि आजोबांची वकिली गेली ती गेलीच.

पुढची पन्नास-साठ वर्षं कायदे आवळत गेले. १७०४ मध्ये सेंट मेरीज सिटीतल्या विटांच्या चर्चला शेरीफने कुलूप ठोकलं. उघड्यावर मिस्सा बंद. फार तर खासगी घरात चालेल, एवढी सवलत मिळाली. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार गेला. सरकारी हुद्दा नाही, न्यायालयात वकिली नाही. मुलांना आपल्या धर्माची शाळा नाही. १७५६ मध्ये फ्रेंचांशी लढाई पेटली तेव्हा कॅथलिकांच्या जमिनीवर दुप्पट कर बसवला. चार्ल्सचे वडील त्या करावर इतके संतापले की सगळं विकून फ्रेंचांच्या लुईझियानात जमीन घेऊन राहावं या विचाराने ते पॅरिसला जाऊन बोलणीही करून आले.

पैसा मिळवायला मात्र कायद्याची आडकाठी नव्हती, आणि कॅरल लोकांनी तो अफाट मिळवला. तंबाखूची शेती, व्याजबट्टा आणि बाल्टिमोरच्या लोखंडाच्या कारखान्यातली भागीदारी यांच्या जोरावर चार्ल्सचे वडील वसाहतीतल्या पहिल्या दोन-तीन धनवंतांत गणले जात. डोरीगन मॅनर ही त्यांची जहागीर. वाड्याला लागूनच प्रार्थनामंदिर होतं. गावात चर्च बांधायची परवानगी नव्हती, म्हणून आसपासचे कॅथलिक रविवारी कॅरलांच्या दारात यायचे. धर्मगुरू घोड्यावरून यायचे, पाहुणचार घ्यायचे, मिस्सा करून पुढच्या वाड्यावर जायचे. देवाचं ठिकाण आणि घरमालकाचं ठिकाण असं एका छपराखाली आलं. मेरीलँडच्या कॅथलिकांची मानसिकता समजून घ्यायची तर हा वाडा आधी डोळ्यांपुढे आणावा लागतो.

अशा घरात चार्ल्स जन्मला तेव्हा त्याच्या आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. एलिझाबेथ ब्रुक ही चांगल्या कॅथलिक घरची बाई, वडिलांबरोबर एकाच घरात नांदणारी. तरी लग्नाचे विधी झाले ते १७५७ मध्ये, मुलगा एकोणीस वर्षांचा असताना. वडील कट्टर भाविक. मग असं का? मिळकतीवरचा आपला ताबा कशानेही सैल होऊ नये आणि मुलगा वारस व्हायच्या लायकीचा आहे याची आधी खात्री पटावी, असा त्यांचा हिशोब असावा, असं अभ्यासक मानतात. मला हा माणूस धडकी भरवतो. धर्मासाठी देश सोडायला निघालेला, आणि त्याच धर्माने पवित्र मानलेलं बंधन वीस वर्षं लांबणीवर टाकणारा.

मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला आणि १७४८ मध्ये त्याला समुद्रापार धाडलं. फ्रान्सच्या उत्तरेला सेंट ओमेर इथे इंग्रज कॅथलिकांच्या मुलांसाठी जेझुइटांनी चालवलेलं विद्यालय होतं. इंग्रजी कायद्याने तिथे मुलं पाठवणंही गुन्हाच. बरोबर नात्यातला भाऊ जॉन कॅरल होता, तो पुढे स्वतः जेझुइट झाला. सेंट ओमेरनंतर ऱ्हेम्स, पॅरिसचं लुई-ल-ग्रांद विद्यालय, बूर्झला रोमन कायदा, मग लंडनला इंग्रजी कायदा. हा कायदा तो कधीच वापरू शकणार नव्हता, कारण कॅथलिकाला सनद मिळत नसे. तरी वडिलांचा आग्रह की शिक. आपली मिळकत राखायची तर कायदा वकिलाइतकाच कळला पाहिजे.

बापलेकांची पत्रं जपली गेली आहेत. जहाजाने जायला-यायला महिने लागायचे, तरी वडिलांच्या सूचना थांबत नाहीत. हिशोब शिक, मोजणी शिक, वळणदार अक्षर काढ, चांगल्या लोकांत ऊठबस ठेव, प्रार्थना चुकवू नकोस, बायको कॅथलिकच कर. मुलगा नम्रपणे उत्तरं देतो. प्रेम आहे, यात शंका नाही. पण ते परीक्षकाचं प्रेम आहे. आई अधूनमधून चार ओळी लिहायची. १७६१ च्या मार्चमध्ये ती वारली. मुलाला दहा-अकरा वर्षांचा असताना तिने जहाजावर बसवलं होतं, त्यानंतर त्याचं तोंड तिला दिसलं नाही. तो घरी परतला १७६५ मध्ये, सत्तावीस वर्षांचा होऊन.

आल्यावर वडिलांनी त्याच्या नावे कॅरलटन ही दहा हजार एकरांची जहागीर करून दिली. तेव्हापासून तो सहीत ‘कॅरलटनचा चार्ल्स कॅरल’ असं लिहू लागला. घरात आणि नात्यात इतके चार्ल्स होते की ठिकाण जोडल्याशिवाय ओळख पटत नसे. अमेरिकेत एक आख्यायिका फार लाडकी आहे. जाहीरनाम्यावर सही करताना कुणीतरी म्हणालं, चार्ल्स कॅरल पुष्कळ आहेत, राजा फाशी द्यायला कुणाला शोधणार? तेव्हा त्याने बाणेदारपणे ‘कॅरलटनचा’ हे शब्द पुढे जोडले. गोष्ट रंगतदार आहे पण खरी नाही. दहा वर्षांपासून तो तशीच सही करत होता. धैर्य दाखवायला त्याला अशा किश्श्याची गरजही नव्हती. साम्राज्याशी वैर घ्यायचं म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दौलतींपैकी एक पणाला लावायची, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

५ जून १७६८ ला त्याचं लग्न मॉली डार्नॉलशी झालं. नात्यातलीच, कॅथलिक, गरीब झालेल्या शाखेतली. सात मुलं झाली, तीन जगली: मेरी, चार्ल्स आणि कॅथरीन म्हणजे किटी.

या श्रीमंत, सुशिक्षित, मताधिकार नसलेल्या माणसाला लोकांनी ओळखलं ते १७७३ मध्ये. गव्हर्नर रॉबर्ट ईडनने लोकप्रतिनिधींना न विचारता सरकारी अधिकाऱ्यांच्या फीचे दर फर्मान काढून ठरवले. जमिनीचा दस्त, वारसाची नोंद, प्रत्येक कागदामागे ही फी. लोक चिडले. सरकारच्या बाजूने डॅनियल डुलेनी हा वसाहतीतला नामांकित वकील उभा राहिला आणि जानेवारीत ‘मेरीलँड गॅझेट’मध्ये त्याने एक संवाद छापला. त्यात पहिला नागरिक फर्मानाविरुद्ध बोलतो, दुसरा नागरिक त्याला निरुत्तर करतो. फेब्रुवारीत त्याच वर्तमानपत्रात ‘पहिला नागरिक’ या सहीने उत्तर आलं: माझं म्हणणं नीट मांडलंच गेलं नाही, ते मी आता मांडतो. लिहिणारा कॅरल होता. फी म्हणजे करच, आणि कर लोकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, हा त्याचा मुद्दा. डुलेनी ‘अँटिलॉन’ या नावाने लिहू लागला आणि जुलैपर्यंत दोघांची पत्रं एकामागून एक छापून येत राहिली.

थोड्याच दिवसांत सगळ्या ॲनापोलिसला ठाऊक झालं की पहिला नागरिक कोण. मग डुलेनीने ठेवणीतलं अस्त्र काढलं. ज्याला या वसाहतीत मत द्यायचा अधिकार नाही, ज्याचा धर्मच संशयास्पद आहे, त्याने आम्हाला राज्यकारभार शिकवावा? कॅरलने आपला धर्म लपवला नाही, त्याबद्दल क्षमाही मागितली नाही. माणसाची श्रद्धा आणि त्याचं नागरिकपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याने शांतपणे मांडलं आणि तो पुन्हा फीच्या मुद्द्यावर आला. मे महिन्यात निवडणूक झाली, फर्मानाचे विरोधक जिंकले, आणि निवडून आलेल्यांनी पहिल्या नागरिकाचे जाहीर आभार मानले. ज्याला मत देता येत नव्हतं त्याच्या लेखणीने निवडणूक फिरली. सत्तर वर्षं कुलपाआड राहिलेल्या समाजातला माणूस चौकात येऊन उभा राहिला होता.

त्याच १७७३ च्या अखेरीस डोरीगनवर आणखी एक दस्तऐवज तयार झाला. जहागिरीवरच्या गुलामांची यादी. कुटुंबवार नावं, नावापुढे वय. म्हातारा, त्याची बायको, मुलं, मुलांची मुलं, अशी तीनशेहून अधिक माणसं. घराणं म्हणजे काय, वंश कसा चालतो, हे त्या यादी करणाऱ्याला नीट कळत होतं. संमतीशिवाय माणसाच्या खिशाला हात लावू नये असं छापून आणणाऱ्या घरातच हा कागद लिहिला गेला. कॅरलबद्दल कितीही आदर वाटला तरी हे दोन कागद शेजारी ठेवूनच त्याच्याबद्दल बोललं पाहिजे.

पुढचा काळ भराभर सरकतो. १७७६ च्या वसंतात काँग्रेसने त्याला कॅनडाला धाडलं, सत्तरीतल्या बेंजामिन फ्रँकलिनबरोबर. सोबत सॅम्युअल चेस आणि तोवर धर्मगुरू झालेला जॉन कॅरल. कॅनडातले फ्रेंच कॅथलिक लढ्यात यावेत म्हणून ही कामगिरी. फ्रेंच बोलणारा, जेझुइटांकडे शिकलेला कॅरल यासाठी नेमका माणूस. हडसन नदी, बर्फाचे तुकडे तरंगणारं लेक जॉर्ज, उघड्या होड्या, असा प्रवास करून ते एप्रिलअखेर मॉन्ट्रियलला पोचले, आणि हात हलवत परतले. कारण उघड होतं. दोनच वर्षांपूर्वी याच काँग्रेसने इंग्लंडच्या जनतेला उद्देशून पत्रक काढून कॅथलिक धर्माची नालस्ती केली होती, आणि ते कॅनडात वाचलं गेलं होतं. उलट इंग्रजांनी १७७४ च्या कायद्याने क्वेबेकच्या कॅथलिकांना धर्माची मोकळीक दिली होती. तिथल्या बिशपने तर आपल्या धर्मगुरूंना जॉन कॅरलला थारा देऊ नका असंच बजावलं. चार्ल्सला आपल्याच मित्रांच्या तोंडून निघालेल्या जुन्या शब्दांचं फळ परमुलखात भोगावं लागलं.

परतल्यावर त्याने मेरीलँडच्या सभेला स्वातंत्र्याच्या बाजूने वळवायला मदत केली. ४ जुलैला तो फिलाडेल्फियात नव्हता. त्याच दिवशी त्याची काँग्रेसवर निवड झाली. २ ऑगस्टला बाकीच्यांबरोबर त्याने सही केली. त्याच वर्षी मेरीलँडच्या नव्या हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्व ख्रिस्ती पंथांना समान संरक्षण मिळालं. मसुदा करणाऱ्या समितीत तो होता. आजोबांची नोकरी घालवणारा, वडिलांवर दुप्पट कर बसवणारा कायदा नातवाच्या हातून पुसला गेला. पुष्कळ वर्षांनी, १८२९ मध्ये, त्याने एका पत्रात लिहिलं की सही करताना इंग्लंडपासून मुक्त होणं एवढंच मनात नव्हतं. सर्व ख्रिस्ती पंथांना मोकळेपणी नांदता यावं हाही हेतू होता. मला हे पश्चातबुद्धीचं बोलणं वाटत नाही. ज्या घरात तो वाढला, तिथून दुसरा कोणता हेतू घेऊन तो फिलाडेल्फियाला जाणार होता?

१७८२ हे साल त्या घरावर कोसळलं. ३० मे रोजी वडील ॲनापोलिसच्या घराच्या ओसरीवरून पडले आणि गेले. ऐंशीचे होते. मॉलीची प्रकृती आधीच ढासळलेली, सततच्या बाळंतपणांनी आणि वेदना मारायला घेतलेल्या अफूच्या अर्काने. १० जूनला तीही गेली. बारा दिवसांत दोन मृत्यू. चार्ल्स चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याने पुन्हा लग्न केलं नाही, पुढची पन्नास वर्षं.

राजकारणात तो आणखी अठरा वर्षं होता. मेरीलँडच्या सेनेटमध्ये आणि १७८९ ते १७९२ देशाच्या पहिल्या सेनेटमध्ये. जॉन १७८९ मध्ये अमेरिकेचा पहिला कॅथलिक बिशप नेमला गेला. त्या दोघांना सेंट ओमेरला गुपचूप पाठवणारे आईबाप हे पाहायला हवे होते. १८०० मध्ये जेफरसनच्या पक्षाची लाट आली, चार्ल्सची जागा गेली आणि तो घरी परतला. पुढची तीस-बत्तीस वर्षं त्याने घर चालवलं. माझ्या मते त्याच्या आयुष्याची खरी कसोटी इथे लागली, आणि चरित्रकार नेमके इथेच घाईने पुढे जातात.

घरात त्याचा शब्द शेवटचा. पहाटे उठणं, थंड पाण्यात अंग बुडवून स्नान, घोड्यावर रपेट, प्रार्थना, मग हिशोबाच्या वह्या. म्हातारपणी वाचायला सिसेरो. बुटका, किरकोळ अंगाचा हा माणूस कधी फारसा आजारी पडला नाही. पण मुलं त्याच्या साच्यात बसली नाहीत. थोरल्या मेरीने १७८७ मध्ये रिचर्ड कॅटन या इंग्रज प्रोटेस्टंट व्यापाऱ्याशी लग्न केलं. बापाचा विरोध धर्मापेक्षा त्याच्या कर्जाला होता, आणि ते कर्ज पुढे आयुष्यभर सासऱ्याच्याच गळ्यात पडलं. धाकट्या किटीनेही प्रोटेस्टंट राजकारणी रॉबर्ट गुडलो हार्परशी लग्न केलं. एकुलत्या एक मुलासाठी, धाकट्या चार्ल्ससाठी, त्याने बाल्टिमोरजवळ होमवूड हे सुंदर घर बांधायला पैसे दिले. मुलाने खर्च इतका वाढवला की बापाची पत्रं तक्रारींनी भरली. हे घर आज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात उभं आहे, विटांचं, देखणं. त्यात राहणारा माणूस मात्र दारूत बुडाला. बायको हॅरिएट मुलांना घेऊन वेगळी झाली. बापाने मुलाला पुन्हा पुन्हा लिहिलं, देवाला शरण जा, पापनिवेदन कर, दारूला शिवू नकोस. त्याच्या वडिलांनी त्याला लिहिलेल्या पत्रांचाच हा पुढचा अध्याय. फरक एवढाच, की या मुलाने उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

१८२५ च्या एप्रिलमध्ये मुलगा गेला, पन्नाशीत. त्याआधी जानेवारीत जावई हार्पर गेला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्या घराण्यातलं एक लग्न झालं. त्याने मराठी वाचक दचकेल.

मेरी कॅटनच्या चार मुली, चार्ल्सच्या नाती, रूपाने आणि वागण्याने अख्ख्या बाल्टिमोरमध्ये नावाजलेल्या. आजोबांनीच त्यांना लहानपणापासून घडवलं, प्रार्थनेपासून जमाखर्चापर्यंत. त्यांतल्या तिघी इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या उमराव घरांत पडल्या. थोरली मेरियन तरुणपणीच विधवा झाली होती. तिने २९ ऑक्टोबर १८२५ ला डब्लिनमध्ये आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटशी लग्न केलं. नवरदेव पासष्टीचे, मार्क्वेस रिचर्ड वेलस्ली. हाच तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल, ज्याने ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाकडून वसईचा तह करून घेतला, आणि ज्याच्या धाकट्या भावाने, आर्थरने, पुढच्या वर्षी अहमदनगर, असई, आडगाव आणि गाविलगड अशी एकामागून एक ठाणी आणि लढाया मारून शिंदे-भोसल्यांचा कणा मोडला. तोच आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूची लढाई जिंकली. बाल्टिमोरच्या म्हाताऱ्याची नात त्याची भावजय झाली. आणखी एक धागा म्हणजे दुसरी नात लुइझा. तिचा पहिला नवरा सर फेल्टन हार्वी वेलिंग्टनच्या खास मर्जीतला अधिकारी.

मेरियनने धर्म सोडला नाही. लग्नाचे विधी दोन्ही पद्धतींनी झाले, आणि आयर्लंडवर प्रोटेस्टंट राजाच्या नावाने राज्य करणाऱ्याची बायको उघडपणे कॅथलिक मिस्साला जाऊ लागली. तिच्या खापरपणजोबांनी हाच आयर्लंड १६८८ मध्ये सोडला होता, तो कॅथलिकांना इथे वाव नाही म्हणून. आता त्यांच्या वंशातली पोर तिथल्या गव्हर्नरच्या वाड्याची मालकीण होऊन आली. चार वर्षांनी, १८२९ मध्ये, ब्रिटनमधल्या कॅथलिकांना पार्लमेंटचे दरवाजे उघडणारा कायदा झाला. तो ज्या पंतप्रधानाने संमत करून घेतला तो तिचा दीर, वेलिंग्टन. हे तिच्यामुळे घडलं असं मुळीच नाही. आयर्लंडमध्ये डॅनियल ओकॉनेलने उभ्या केलेल्या चळवळीने सरकारला झुकवलं. तरी डोरीगनच्या वाड्यात ती बातमी पोचली असेल तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

४ जुलै १८२६. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली, आणि त्याच दिवशी काही तासांच्या अंतराने जेफरसन आणि ॲडम्स दोघेही गेले. छप्पन्नांतला आता एकटा कॅरल उरला. लोक डोरीगनला त्याच्या दर्शनाला येऊ लागले. एकेकाळी ज्याला पोपचा हस्तक म्हणून हिणवलं जाई, त्याला आता राष्ट्राचा आजोबा असा मान मिळू लागला. ४ जुलै १८२८ ला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पायाभरणी त्याच्या हस्ते झाली. नव्वद वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने हातात फावडं घेऊन पहिली माती उकरली. त्याच्या नावाचा कॅरलटन व्हायाडक्ट, १८२९ मध्ये बांधून झालेला दगडी पूल, आजही आगगाड्या पेलतो आहे.

नोव्हेंबर १८३१ मध्ये फ्रान्सहून आलेला तरुण अलेक्सी द तोकव्हिल त्याला भेटला. त्याने टिपून ठेवलं की म्हातारा अगदी इंग्रज सरदारासारखा बोलतो, लोकसत्तेबद्दल त्याला धास्ती वाटते, जुन्या खानदानी व्यवस्थेबद्दल हळहळ वाटते. तेरा हजार एकर आणि तीनशे गुलाम, हेही त्या टिपणात आहे.

गुलामीच्या प्रश्नाने कॅरलचा पिच्छा सोडला नव्हता. ती वाईट आहे असं तो म्हणायचा. १७९७ मध्ये मेरीलँडच्या सेनेटमध्ये त्याने हळूहळू गुलामी संपवण्याचं विधेयक मांडलं, ते पडलं. म्हातारपणी तो मुक्त काळ्या लोकांना आफ्रिकेत वसवू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. डोरीगनच्या प्रार्थनामंदिरात त्याचे गुलामही मिस्साला गुडघे टेकायचे, त्यांच्या मुलांचे स्नानसंस्कार व्हायचे. आणि मिस्सा संपल्यावर ते पुन्हा त्याची मालमत्ता व्हायचे. कायदा मंजूर होत नाही तोवर वाट पाहायची, हा मार्ग त्याने निवडला. आपल्या धर्माच्या बाबतीत त्याने अशी वाट पाहिली नव्हती. गावातल्या चर्चला कुलूप होतं तेव्हा त्याच्या वडिलांनी वाड्याचं दार उघडलं होतं. गुलामांच्या बाबतीतही दार त्याच्याच वाड्याचं होतं आणि किल्ली त्याच्याच कमरेला. एवढं दीर्घ आयुष्य, एवढी दौलत, विरोध करू शकेल असा घरात कुणी नाही. तो ते दार उघडू शकत होता, आणि त्याने ते उघडलं नाही. याला मी काळाचा दोष म्हणणार नाही. पेन्सिल्व्हेनिया शेजारीच होतं, आणि तिथे हळूहळू मुक्ती देणारा कायदा १७८० मध्येच झाला होता.

शेवट बाल्टिमोरला झाला, मेरी कॅटनच्या घरी. नोव्हेंबरचा गारठा, शेकोटी पेटलेली, म्हातारा आरामखुर्चीत. शेजारच्या छोट्या टेबलावर मेणबत्त्या आणि क्रूस. सेंट मेरीज कॉलेजचे प्रमुख फादर चान्श यांनी त्याला ख्रिस्तप्रसाद आणि शेवटचे संस्कार दिले. मुलगी, नाती भोवती गुडघे टेकून. उपासाने तो गळून गेला होता, म्हणून डॉक्टरांनी काहीतरी पोटात घ्या असं सुचवलं. त्याने नम्रपणे नकार दिला. या विधीपुढे शरीराच्या गरजा राहत नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला असं त्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. पहाटे चारच्या सुमारास तो गेला. देशभर सरकारी दुखवटा झाला. पुरलं मात्र डोरीगनच्या प्रार्थनामंदिरात, घरच्याच वेदीजवळ.

पुढे पणतू जॉन ली कॅरल १८७६ मध्ये मेरीलँडचा गव्हर्नर झाला, ज्या मेरीलँडमध्ये त्याच्या पणजोबाला तरुणपणी मत देता येत नव्हतं. डोरीगन अजून त्याच घराण्याकडे आहे.

१७९७ मध्ये पडलेलं ते विधेयक कायद्यात उतरायला १ नोव्हेंबर १८६४ उजाडावं लागलं. मेरीलँडची नवी राज्यघटना त्या दिवशी अमलात आली आणि राज्यातले गुलाम कायद्याने मुक्त झाले. तोवर कॅरलांच्या जमिनीवर १७७३ च्या यादीतल्या माणसांची नातवंडं-पतवंडं राबत होती.